तिसरा श्वास

"त्रिशला, हा चिमटा काढ बघू माझ्या बोटाचा," आक्का म्हणाल्या. "पेरं मोजू कशी मी?"

त्यांच्या उजव्या तर्जनीला तो करडा चिमटा लावलेला होता. त्याची वायर उशाशी असलेल्या यंत्रात गेली होती आणि यंत्रावर निळ्या रंगात एक आकडा दिसत होता. रक्तात प्राणवायू किती आहे ते हा आकडा सांगतो, तो नव्वदच्या खाली आला की आम्हाला हाक मारायची, एवढं मुल्ला सिस्टरांनी मला आदल्या दिवशी समजावून ठेवलं होतं. आकडा तेव्हा ब्याण्णव होता.

"दुसऱ्या हाताला लावते," मी म्हटलं.

"काय म्हणालीस?"

माझं बोलणं पहिल्या खेपेला कुणालाच ऐकू जात नाही. माहेरी आई म्हणायची, ही पोर देवळात जन्मली असती तरी पुजाऱ्याला पत्ता लागला नसता. मी पुन्हा तेच म्हटलं.

"त्या हातावर सलाईनची सुई, वर ही पट्ट्यांची गिचमीड. सिस्टरनं काल लावून बघितलाच की. आकडा दिसेना." आक्कांनी स्वतःच चिमटा काढला आणि उशीखाली सारला. लगेच यंत्र टुक टुक वाजायला लागलं. "वाजू दे. त्यालाही त्याचा जप असेल."

मग त्यांनी नाकातोंडावरचा मास्कही हनुवटीखाली ओढला.

"आक्का, तो तरी राहू द्या."

"तोंड बांधून णमोकार म्हणू? आपण काय तोंडपट्टीवाले साधू आहोत?"

"सिस्टर रागावतील."

"तुझं रागावणं कुणाला ऐकू येत नाही, आणि सिस्टरचं मी ऐकत नाही. मिटलं."

मी हसले. आक्कांपुढे माझं कायम असंच व्हायचं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, राजमती. वारणेकाठच्या आमच्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा मला णमोकार मंत्र येत होता, पण आम्हा जैनांचं सामायिक, ठरल्या वेळेचं ध्यान, करता येत नव्हतं. त्यांनी शिकवलं. पहाटे अंघोळ झाली की माजघरात दोन चटया टाकायच्या, उत्तरेकडे तोंड करून बसायचं, डोळे मिटायचे, आणि ठरलेला वेळ संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, बोलायचं नाही, कुणी बोलावलं तर ओ द्यायची नाही. दूध उतू गेलं तर जाऊ द्यायचं. एकदा खरोखरच गेलं होतं, आणि सासूबाई चुलीपाशी बसून आम्हा दोघींच्या नावानं बोलत राहिल्या होत्या. आक्कांची पापणी हलली नव्हती.

त्यांनी शिकवलेली दुसरी गोष्ट श्वासाची. एक णमोकार तीन श्वासांत म्हणायचा. पहिल्या श्वासात अरिहंत आणि सिद्ध, दुसऱ्यात आचार्य आणि उपाध्याय, तिसऱ्यात लोकातले सगळे साधू. एक मंत्र झाला की अंगठा पुढच्या पेरावर. इतकी वर्षं शेजारी बसून आमचे श्वास एकमेकींना सरावले होते. त्यांनी घेतला की मी घ्यायची. मिटल्या डोळ्यांनीही मला कळायचं, आक्का आता तिसऱ्यावर आल्या.

त्यांच्या आतड्यात गाठ निघाली आणि मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, त्याला तेव्हा दोन दिवस झाले होते. पोटावर वरपासून खालपर्यंत टाके होते. गाठ पूर्ण निघाली, आता काळजी नाही, असं डॉक्टर कुरणेबाई म्हणाल्या होत्या, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. फक्त आक्कांना तो टाकता येत नव्हता. लांब श्वास घेतला की टाके ओढायचे. मग त्या चिमणीच्या पाण्यासारखा, चोचीचोचीनं श्वास घ्यायच्या. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. त्यात तीन नळ्या, प्रत्येक नळीत एकेक रंगीत गोळी. नळी तोंडात धरून आत श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. आक्कांनी एकदा ओढून बघितलं, पहिली गोळी जराशी हलली, आणि त्यांच्या तोंडून "अगं आई" निघालं. त्यानंतर ते यंत्र खिडकीत गेलं.

"जत्रेतलं खेळणं आहे," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर पोरास्नी दे."

मी ते तिथंच राहू दिलं.

खोलीत दोन पलंग होते, दुसरा रिकामा होता. दोन पलंगांमधल्या जागेत मी चटई टाकली. दाराबाहेर बाकावर आण्णा बसले होते. आण्णा म्हणजे आक्कांचे यजमान, माझे थोरले दीर. डोक्याला फेटा, हातात काठी, आणि पाठ आमच्याकडे. बायकांच्या खोलीकडे तोंड करून बसायचं नाही हा त्यांचा रिवाज. त्यांना ऐकू कमी यायचं. यंत्राची टुकटुक त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. घरात त्यांना फक्त आक्कांचं बोलणं ऐकू जायचं. आक्कांचा आवाज मळ्यातून वाड्यावस्तीपर्यंत जाणारा.

आणि माझं त्यांच्याशी बोलणं नव्हतंच. भांडण नव्हे, रीत. थोरल्या दिरासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा, समोरून जायचं नाही, थेट बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर आक्कांना सांगायचं, आक्का त्यांना सांगायच्या. "आण्णांना म्हणावं, जेवायला वाढलंय." आण्णा तिथंच पाटावर बसलेले असायचे, आणि आक्का गंभीर तोंडानं सांगायच्या, "धाकटी म्हणते, जेवायला वाढलंय." ते मान हलवायचे. इतक्या वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला असेल असं मला वाटत नाही. ऐकू येणाऱ्यांनाच येत नव्हता.

यंत्राच्या आवाजानं मुल्ला सिस्टर आल्या. उंच, चपळ बाई, हातात कायम काहीतरी धरलेलं. दारात आण्णांनी काठी आडवी केली.

"सिस्टर, आत सामायिक चालू हाय. अर्ध्या तासानं या."

"आजोबा, माझंही चालू आहे," सिस्टर काठीला वळसा घालून आत आल्या. "चिमटा कुठाय?"

आक्कांनी एक डोळा उघडला आणि उशीकडे बघितलं. अंगठा पेरावर होता, तो त्यांनी हलू दिला नाही.

"आणि मास्क हनुवटीला कशाला? हनुवटीनं श्वास घेता?" सिस्टरांनी मास्क वर सरकवून नीट बसवला. चिमटा उशीखालून काढून बोटाला लावू लागल्या, तेव्हा आक्कांनी दोन्ही हात जोडले. सलाईनचा हातसुद्धा उचलला.

सिस्टरांनी चिमटा परत उशीखाली ठेवला, यंत्राचा आवाज बारीक केला आणि माझ्याकडे बघितलं. "किती वेळ लागतो?"

"थोडा वेळ," मी म्हटलं.

"काय?"

"थोडाच."

"बरं. शेजारच्या खोलीत इंजेक्शन द्यायचंय, ते देऊन येते. तोवर जप करा. पण मास्क काढायचा नाही हां, मावशी. अल्लाला काय, भगवानाला काय, मास्कमधूनही ऐकू जातं."

आक्का मास्कच्या आत हसल्या. मास्क धुक्यासारखा पांढरा झाला. सिस्टरांची पावलं लांब गेली तशी त्यांनी तो पुन्हा खाली ओढला, आणि मला डोळ्यांनीच दटावलं, बस.

मी बसले. त्या दिवशी रविवार होता, म्हणजे माझा मिठाचा त्याग. सामायिक झालं की आक्कांची पेज आणि माझी अळणी भाकरी, असा विचार मनात आला. तो बाजूला केला आणि डोळे मिटले.

सुरुवातीला सगळं रोजच्यासारखं होतं. त्यांचा श्वास, मग माझा. आखूड होता त्यांचा, पण तीन व्हायचे. अरिहंत, सिद्ध. आचार्य, उपाध्याय. सगळे साधू. मी माझा श्वास त्यांच्या मापाचा केला, चालताना लहान मुलासाठी पाऊल आखूड करतो तसा. बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं. व्हरांड्यातून फिनेलचा वास येत होता.

मग एका मंत्राला तिसरा श्वास आला नाही.

मला वाटलं, माझंच चुकलं. मन भाकरीकडे गेलं होतं, त्याची शिक्षा. मी पुन्हा पहिल्यापासून धरलं. पहिला आला. दुसरा आला. तिसऱ्याच्या जागी नुसती शांतता, आणि मग तीन-चार उथळ श्वास एकदम, भराभर. त्यात कुठलाच मंत्र बसत नव्हता. मी वाट बघितली. परत पहिला. खूप वेळानं दुसरा.

मनात म्हटलं, आक्का पुढे गेल्या. मोठी माणसं ध्यानात उतरली की त्यांचा श्वास मंद होतो, असं प्रवचनात ऐकलं होतं. आपण अजून श्वास मोजतोय, त्या मोजण्याच्या पलीकडे पोचल्या. मला थोडा हेवा वाटला.

बाहेर बादलीवाली बाई दाराशी आली असावी. आण्णांचा आवाज आला, "हळू. आत जप चाललाय. त्यांना कुणी हात लावायचा न्हाई."

बादली परत फिरली.

डोळे उघडायचे नसतात. हा नियम मी तोवर कधी मोडला नव्हता. ताप असताना नाही, माझी पोर पाळण्यात रडत असताना नाही. पण तो तिसरा श्वास मला बसू देईना. आपण जेवायला बसावं आणि शेजारच्या पाटावर माणूस नसावं, तसं काहीतरी अंगाला जाणवत होतं. मी डोळे किलकिले केले.

आक्कांच्या चेहऱ्यावर इतकी शांती होती की मी पुन्हा मिटणार होते. कपाळावर आठी नाही, दुखण्याची खूण नाही. कुणीही बघितलं असतं तर हात जोडले असते. मग माझी नजर त्यांच्या हाताकडे गेली. अंगठा मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर होता. मी बघत राहिले. तो पुढच्या पेरावर जाईना.

अंगठ्याचं नख जांभळं होतं.

मी चटईवरून उठले. सामायिक मोडलं हे उठताना कळलं, आणि तसंच मागे राहिलं.

"आक्का."

ओठही तसेच. जांभूळ खाल्ल्यावर होतात तसे. मी खांदा हलवला. त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मागे कुठेतरी बघितलं.

"वासरू सुटलंय," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "बांध की गं ते. गाईला पिऊन टाकंल सगळं."

"आक्का, मी त्रिशला."

"बांध म्हटलं ना," आणि डोळे पुन्हा मिटले.

मी मास्क वर चढवला. मास्कची दोरी त्यांच्या केसांत अडकली. उशीखाली चिमटा सापडेना. सापडला तो बोटात उलटा गेला. सरळ केला. यंत्रानं थोडा विचार केला आणि आकडा दाखवला. चौऱ्याहत्तर. मग ते ओरडायला लागलं, पण सिस्टरांनी आवाज बारीक केलेला होता, खोलीच्या बाहेर जाईल असा तो नव्हता. आक्का उशीवरून एका बाजूला घसरत होत्या. मी एक हात त्यांच्या पाठीखाली घालून त्यांना धरलं. हाक मारायच्या घंटीचं बटण पलंगाच्या पलीकडच्या बाजूला लोंबत होतं. हात सोडल्याशिवाय ते येणार नव्हतं, आणि हात सोडायची माझी हिंमत नव्हती.

दारात आण्णांची पाठ. चार हातांवर.

मी तोंड उघडलं, आणि काय म्हणायचं ते मला सुचेना. खरंच सुचेना. घरातली मुलं त्यांना आण्णा म्हणत, गडीमाणसं आण्णा म्हणत, मी आक्कांशी बोलताना आण्णांना असं सांगा म्हणत असे. पण त्यांना स्वतःला मी कधी काहीच म्हटलं नव्हतं. माझ्याकडे त्यांच्यासाठी हाकच नव्हती.

"अहो," मी म्हटलं.

पाठ हलली नाही.

"अहो, ऐकलं का."

ती कुजबूज होती. मलाच नीट ऐकू आली नाही. डोक्यावरचा पदर तेवढ्यातही मी सावरला, हे मला अजून आठवतं. आक्कांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्यांचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता. एक. मग थांबला. मी वाट बघितली. दुसरा येईना.

मी दाराकडे तोंड करून ओरडले.

"आण्णा. सिस्टरांना बोलवा. आण्णा, पळा."

तो आवाज कुणाचा होता मला माहीत नाही. खिडकीची काच झणझणली असं मुल्ला सिस्टर नंतर सांगायच्या, पण त्या गोष्टीत मीठ घालायच्या. एवढं खरं की बादलीवाल्या बाईची बादली खाली पडली. समोरच्या खोलीतले नातेवाईक दारात आले. आणि आण्णा, ज्यांना बैलगाडीची घुंगरं ऐकू येत नसत, ते उडी मारल्यासारखे उठले आणि मागे वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आक्कांकडे बघितलं, आणि काठी तिथंच टाकून व्हरांड्यातून धावत सुटले. फेटा सुटून मागे लोंबत होता.

सिस्टर आल्या त्या धावतच. त्यांनी प्रश्न विचारला नाही. पलंगाचा डोक्याकडचा भाग वर केला, आक्कांना मागून धरून बसतं केलं. दुसरा मास्क आला, खाली पिशवी असलेला. भिंतीवरच्या प्राणवायूच्या नळाला जोडला, त्यातली छोटी गोळी पार वर चढली आणि सूंऽऽ असा आवाज सुरू झाला. पिशवी फुगली.

"मावशी. मावशी, डोळे उघडा. माझ्याकडे बघा. श्वास घ्या. मोठा. दुखू दे, दुखलं तरी घ्या."

डॉक्टर कुरणेबाई आल्या. छाती तपासली, सलाईनमधून दुखू नये म्हणून जे औषध चाललं होतं ते बंद केलं. "यानं दुखणं कमी होतं पण गुंगी येते," त्या सिस्टरांशी बोलत होत्या, "आणि ह्या आधीच अर्धाच श्वास घेतायत." मग मला म्हणाल्या, "तुम्ही बाजूला व्हा."

मी बाजूला झाले. आक्कांनी माझं मनगट धरलं होतं ते त्यांना सोडवावं लागलं.

भिंतीला टेकून मी तो आकडा बघत राहिले. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. बराच वेळ एकोणऐंशी. आण्णा माझ्या शेजारीच उभे होते, इतके जवळ की एरवी मी तिथून निघून गेले असते. त्यांचे ओठ हलत होते. त्र्याऐंशी झालं, तसे त्यांनी मला विचारलं, "वाढतोय न्हवं?"

मी मान हलवली.

"वाढतोय काय?" त्यांनी पुन्हा विचारलं. माझी मान त्यांना पुरली नाही.

"वाढतोय," मी म्हटलं, मोठ्यानं.

सत्त्याऐंशी. एक्याण्णव. आक्कांचे ओठ आधी राखाडी झाले, मग त्यांच्या रंगाचे. चौऱ्याण्णववर आकडा स्थिरावला तेव्हा मुल्ला सिस्टरांनी पाठ सरळ केली आणि कपाळ दंडाला पुसलं.

"आलात परत?" त्यांनी आक्कांना विचारलं.

आक्कांनी आजूबाजूला बघितलं. आण्णा, सुटलेला फेटा, दारातली गर्दी, मी. मास्कमधून त्यांचा आवाज घागरीतून आल्यासारखा येत होता.

"वासरू बांधलं का कुणी?"

"बांधलं," सिस्टर म्हणाल्या. "आता तुम्हालाही बांधून ठेवणार आहे."

दुपारी छातीचा फोटो काढायचं यंत्र खोलीतच आणलं. कुरणेबाईंनी आम्हाला तो दाखवला. फुप्फुसाचा खालचा भाग मिटून बसलाय, म्हणाल्या. "फुगा बरेच दिवस फुगवला नाही की आतून चिकटतो, तसं. दुखतं म्हणून श्वास वरच्या वर घेतलात, त्यानं हे झालं. प्राणवायू आपण देतोय, पण तो खालपर्यंत जायला दार तुम्हीच उघडायला हवं." मग खिडकीतलं यंत्र उचललं. "हे कुणाचं?"

"नातवाचं," आक्का म्हणाल्या.

"आजपासून आजीचं. दर तासाला. आणि मास्क काढलात, तर ह्या बाईंना सांगेन हाक मारायला." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "खालच्या मजल्यावर ऐकू आलं मला."

मी पदर तोंडाला लावला.

डॉक्टर गेल्यावर आक्का माझ्याकडे वळल्या.

"सामायिक मोडलंस तू."

"मोडलं."

"पाळण्यात पोर रडत होती तेव्हा मोडलं नव्हतंस. त्या दिवशी मी सामायिकाला बसले नव्हते, म्हटलेलं, उठ, मी सांभाळते तुझा नियम. तरी उठली नव्हतीस."

"हो."

"मग आता प्रायश्चित्त?"

"घेईन. महाराज देतील ते."

"मीठ तर आज सोडलेलंच आहे. आता काय, पाणी सोडणार?" मास्क धुकटला. त्या हसत होत्या, आणि हसताना टाके ओढले जात होते, म्हणून पोटाला हात लावत होत्या.

आण्णा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. आत येऊन उभे. "काय म्हणती ती?" त्यांनी आक्कांना विचारलं, नेहमीसारखं.

आक्कांनी मास्क जरा उचलला. "धाकटी म्हणते, तुम्हाला ओरडून हाक मारली, त्याचं प्रायश्चित्त घेते."

मी तसं म्हटलं नव्हतं. पण आक्का माझं म्हणणं पोचवताना त्यात आपलं थोडं घालायच्या, हे मला ठाऊक होतं.

आण्णांनी फेटा नीट करायला घेतला होता, तो हातातच राहिला.

"ती हिची हाक होती?"

"मग कुणाची?"

"मला वाटलं, कोण परकी बाई हाय," ते म्हणाले. "आवाज वळखला न्हाई मी." मग पहिल्यांदा आक्कांना मध्ये न घेता माझ्याकडे वळले. मान खाली घालून, जमिनीशी बोलल्यासारखं. "पोरी, प्रायश्चित्त-बियश्चित्त काय नको. तेवढ्या आवाजात बोलत जा माझ्यासंगं. मला ऐकू येतंय ते."

आणि काठी शोधायला बाहेर गेले.

मी खिडकीतलं यंत्र आणलं आणि त्यांच्या पोटावर उशी धरायला दिली, टाक्यांना आधार म्हणून.

"त्रिशला, दुखतं गं. खरंच दुखतं."

"माहीत आहे."

"तीन-तीन गोळ्या. एक उचलताना जीव जातो."

मी त्या तीन नळ्यांकडे बघत होते. "आक्का, तीनच आहेत," मी म्हटलं.

"काय म्हणालीस?"

"तीनच आहेत. श्वासही तीनच असतात."

त्यांनी नळ्या मोजल्या. मग चिमटा लावलेलं स्वतःचं बोट त्यांनी वर करून मला दाखवलं. "आणि पेरं कुठं मोजू? हे अडकलंय."

मी माझा उजवा हात त्यांच्या हाताशेजारी पलंगावर ठेवला. अंगठा पहिल्या पेरावर. "माझी घ्या," म्हटलं. "मोजते मी. श्वास तेवढा तुमचा."

त्यांनी मास्क बाजूला केला, नळी तोंडात धरली. अरिहंत, सिद्ध. पहिली गोळी थरथरली आणि चढली. त्यांनी डोळे घट्ट मिटले. आचार्य, उपाध्याय. दुसरी अर्ध्यात जाऊन खाली आली. मग त्या थांबल्या. मीही थांबले. यंत्राची टुकटुक ऐकू येत होती, आणि कपाळावर घामाचे थेंब दिसत होते. मी श्वास धरून बसले.

तिसरा आला. लांब, फाटका, पण आला. गोळी चढली नाही, नुसती उडाली. मी अंगठा पुढच्या पेरावर नेला.

"झाला एक," मी म्हटलं.

"मोठ्यानं सांग," आक्का म्हणाल्या. "मला ऐकू आलं पाहिजे."

पाचव्या की सहाव्या दिवशी चिमटा निघाला. आठवड्यानं आम्ही घरी आलो. ते यंत्र नातवाला मिळालं नाही. अजून देवाच्या फळीखाली आहे, गोळ्यांचे रंग उडालेत. आण्णा हल्ली मळ्यात जात नाहीत. सकाळी अंगणात बाजेवर बसतात आणि पाऊसपाण्यापासून दूध डेअरीपर्यंत सगळं मला विचारतात. मी ओरडून सांगते. शेजारणी म्हणतात, त्रिशलाकाकी बोलायला लागल्या की रस्त्यावरून कळतं, आज भाजी कसली आहे.

सामायिक मी रोज करते. आक्का आता खुर्चीवर बसतात, मी खाली चटईवर. नियम पूर्वीचेच आहेत, एक वाढला आहे, आणि तो कुठल्याही शास्त्रात नाही. दर थोड्या वेळानं, तिसऱ्या श्वासाला, मी एक डोळा उघडून वर बघते.

आक्कांचे डोळे मिटलेलेच असतात. तरी त्यांना कसं कळतं कोण जाणे. मांडीवरच्या उजव्या हाताची, तो चिमटा लावायचे ती तर्जनी त्या जराशी उचलतात, हलवतात, आणि पुन्हा अंगठ्याखाली आणतात.

मग मी डोळा मिटते.